शंकरपट आणि ध्यानात ठेवावयाच्या जोड्या

विलायतेत घोड्यांच्या शर्यती दोन तऱ्हांच्या असतात. एक सपाट मैदानावरची. दुसरी कुंपणे आणि खंदक ओलांडीत धावावयाची. या दुसरीचे मूळ आयर्लंडात सांगतात. १७५२ साली तेथील दोघा गृहस्थांनी पैज लावून एका गावच्या प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मध्ये जे येईल ते ओलांडीत, घोडे फेकले, अशी कथा आहे. या शर्यतींविषयी तिकडच्या वृत्तपत्रांत जे लिहून येते, त्यातील एक चाल आम्हास फार पसंत आहे. कोण जिंकले हे थोडक्यात सांगून लेखक त्या दिवशी हरलेल्या घोड्यांकडे वळतो, आणि त्यांतील पुढे ध्यानात ठेवण्याजोगे कोणते, ते कारणांसह सांगतो. जिंकलेल्याचे कौतुक करण्यास विद्वत्ता लागत नाही. ते काम ताशेवालेही करतात. तिसऱ्या-चौथ्या आलेल्या जनावरात पुढल्या वर्षाचा विजेता ओळखणे यात मात्र पाहणाराची परीक्षा होते. हीच चाल धरून आम्ही या महिन्यात आमच्या तालुक्यालगतच्या एका गावच्या शंकरपटाचा वृत्तांत देत आहो. भाकितांचा आमच्या बुलढाणा जिल्ह्यास जुनाच नाद आहे. भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घट मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात, ते ऐकावयास लांबलांबून शेतकरी येतात. आमचे भाकीत धान्याच्या दाण्यांवर नव्हे, बैलांच्या पायांवर आधारलेले आहे, एवढाच फरक.

ज्या वाचकांनी जुन्नर-आंबेगावकडचा बैलगाडा पाहिला असेल, त्यांनी तो क्षणभर विसरावा. तिकडे घाट म्हणजे चढाची वाट असते, गाड्यास चार बैल आणि पुढे घोडी असते. सातारा-सांगलीकडे अनेक छकडे एकदम सुटतात. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गडचिरोलीकडे, दोन जोड्या शेजारशेजारच्या वाटांवरून सोडतात, आणि पट संपला की रात्री नाटक ठरलेले. आमच्या वऱ्हाडात बहुधा एका वेळी एकच जोडी धावते. हलका छकडा, त्यावर एकटा धुरकरी, समोर काळ्या रानात सरळ आखून दाबलेली वाट आणि शेवटी घड्याळ. प्रतिस्पर्धी शेजारी नसतोच. झुंज सेकंदाशी, किंबहुना सेकंदाच्या शतांशाशी असते. शंकराचे वाहन नंदी, म्हणून हा शंकरपट, हे लोकांचे स्पष्टीकरण आम्हास पुरेसे वाटते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट या सर्वांत नामांकित असून तेथे स्त्रियाही छकडा हाकतात.

स्त्रियांनी छकडा हाकण्याची गोष्ट ऐकून ज्या वडीलधाऱ्या वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील, त्यांना आम्ही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशेदुसरे सूक्त उघडावयास सांगू. मुद्गल ऋषीने एका बाजूस बैल आणि दुसऱ्या बाजूस द्रुघण, म्हणजे लाकडाचा सोट, असे जुंपून शर्यत जिंकली, ही कथा तेथे आहे. यास्काचार्यांनी निरुक्तात ती इतिहास म्हणून सांगितली आहे. त्या रथावर सारथ्य करीत होती ती मुद्गलानी, ऋषीची पत्नी. तेव्हा आमच्या मुद्गल गोत्री वाचकांनी तरी शंकरपटास खेडवळांचा खेळ म्हणून नाक मुरडू नये. वाजपेय यज्ञातही सतरा रथांची शर्यत असते; परंतु तेथे यजमानच जिंकावयाचा हे अगोदरच ठरलेले असल्यामुळे आमच्या आजच्या विषयास, म्हणजे विजेता ओळखण्यास, तेथे वाव नाही.

आता आक्षेप. आमच्या घरातच तो निघाला. थोरल्या नातवाला बरोबर नेतो असे म्हणताच सूनबाईंनी विचारले, "मामंजी, मुक्या जनावरांना पळवून इनाम मिळवायचे, हे मुलाला दाखवायलाच हवे का?" प्रश्न रास्त होता, आणि देशातील सर्वांत वरच्या न्यायालयासही तो पडला होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून त्या नियमांखाली आणल्या. तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे पट सुरू होऊ शकले नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यांची तपासणी यांवाचून पट भरत नाही. चाबूक, पराणी, आर, शेपटी पिरगाळणे, सारे निषिद्ध. ही काळजी केवळ आपल्याकडेच सुरू झाली असे नाही. १८३९ पासून इंग्लंडात एन्ट्री येथे होणारी ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जगप्रसिद्ध आहे. तिच्यात २०२४ पासून चाळीसऐवजी चौतीसच घोडे सोडतात, अपघात कमी व्हावेत म्हणून. जुगाराविषयी म्हणाल, तर आमच्या येथे लावणारे लावतात हे आम्ही नाकारीत नाही; पण आमचा त्याच्याशी संबंध नाही. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आहे. बैलांची पारख हे त्याहून जुने कौशल्य आहे, आणि त्यासाठी पैसा लावावा लागत नाही.

सूनबाईंना आम्ही म्हणालो, "तुमचा प्रश्न बरोबर घेऊनच आम्ही पाहू." आणि तसेच पाहिले. शेगावाहून सकाळी निघालो. नातवाने डब्यात येथली कचोरी घेतली होती, ती मैदानावर पोहोचण्यापूर्वीच संपली.

चाबूक गेल्याने खेळाचे काय झाले, हे आम्हास मुख्यतः पाहावयाचे होते. पूर्वी जोडी किती वेगाने धावते यापेक्षा धुरकरी किती निर्दय आहे यावर पुष्कळ वेळा निकाल लागे, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. आरेने टोचलेला बैल पहिल्या झपाट्यात भयाने पळतो, परंतु भयाचा वेग शेवटपर्यंत टिकत नाही, आणि असा बैल दुसऱ्या खेपेस आखलेल्या रेघेपाशी आणताच अंग चोरतो. आता धुरकऱ्याचा हात रिकामा आहे. त्यामुळे पळावयाचे की नाही हे पुष्कळसे बैलावरच आले आहे. आमच्या मते पारखीस इतका स्वच्छ काळ पूर्वी नव्हता. त्या दिवशी एका धुरकऱ्याने वाटेच्या मध्यावर, धुळीचा आडोसा साधून, शेपटीला हात घातला. पंचांनी ते टिपले आणि जोडी बाद केली. जोडीचा वेळ उत्तम आला होता, म्हणून मालकाने बराच आरडाओरडा केला. पंच हलले नाहीत. सूनबाईंना आम्ही घरी आल्यावर प्रथम हेच सांगितले.

पहिला क्रमांक एका पांढऱ्या खिल्लार जोडीस मिळाला. उंच, मागे वळलेल्या शिंगांची, पूर्ण जुळलेली, दुरून गाडीत घालून आणलेली. त्यांची पहिली धाव पाहून लोकांनी फेटे उडविले आणि ते योग्यच होते. तथापि ही जोडी आमच्या यादीत नाही. दुसऱ्या धावेनंतर तिच्या कुशी पुष्कळ वेळ भात्यासारख्या हलत होत्या, आणि डावा बैल परतताना पुढचा एक पाय जपून टाकीत होता. त्यांच्या मालकांस कोणी विचारले असते, तर या वर्षाच्या इनामावर समाधान मानून त्यांना गोठ्यात मानाने ठेवा, असे आम्ही सांगितले असते. कोणी विचारले नाही.

यानंतर जी जोडी आली तिच्याविषयी लिहिताना हसू आवरत नाही. मालकाने ती लक्षणे पाहून घेतली होती. कपाळावरचा भोवरा अमुक जागी, पाठीवरची गोम तमुक दिशेस, असे तो मोजून दाखवी. वराहमिहिराने बृहत्संहितेत घोड्यांच्या अंगावरील भोवऱ्यांचा विस्तार केला आहे आणि गाईबैलांची लक्षणेही दिली आहेत, हे आम्हास अवगत आहे. त्यातील काही लक्षणे शहाणपणाची आहेत. पाणावलेल्या, गढूळ डोळ्यांची गाय घेऊ नये हे सांगण्यास ज्योतिषी नको, पशुवैद्यही तेच सांगेल. पण भोवऱ्याने पाय उचलत नाहीत. ती सुलक्षणी जोडी रेघेवर उभी राहिली ती राहिलीच. धुरकऱ्याने हाकारले, मालकाने हात जोडले, मागून मुलांनी आरोळ्या दिल्या. उजव्या बैलाने मान खाली घालून पट्टीवरचे एक कडबाचे काड शांतपणे खाल्ले.

आता आमची यादी.

पहिला एक तांबडा बैल, जोडी नव्हे. तो बाहेरगावच्या एका गावठी जोडीत उजव्या बाजूस होता. ही जोडी अर्ध्या वाटेवर डावीकडे ओढत गेली, दोरीला भिडली आणि बाद झाली. लोकांनी तांबड्यालाच दोष दिला, कारण तिरपा जाताना तो दिसला. वस्तुतः दोष त्याचा नव्हता. त्याचा जोडीदार टापेत आखूड होता. तांबड्याची एक झेप होई तेव्हा त्याची पाऊण होई, आणि जू एका बाजूने पुढे गेले की छकडा वळणारच. दोन बैल वेगाने सारखे असून चालत नाही, त्यांची झेप सारखी लागते. दोन उत्तम गवयी एका तंबोऱ्यावर बसविले म्हणून जुगलबंदी होत नाही. या तांबड्यास त्याच्या लांबीचा जोडीदार मिळाला तर पुढील हंगामात त्याचे नाव ऐकू येईल. आमच्या भागात पूर्वी खामगावी म्हणून मोठ्या बांध्याचा आणि उमरडा म्हणून लहान बांध्याचा, असे वऱ्हाडी बैलांचे दोन प्रकार इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत नमूद आहेत. हा तांबडा आम्हास त्या मोठ्या बांध्याची आठवण देऊन गेला. ट्रॅक्टर आल्यापासून असे बैल पाहावयास पटाचेच मैदान गाठावे लागते.

दुसरी एक दुदाती जोडी. हिला सर्वांत अधिक टाळ्या मिळाल्या, आणि हिच्याविषयी आम्हास सर्वांत अधिक भीती वाटते. बैलास पहिले दोन कायमचे दात दोन वर्षांच्या सुमारास येतात. पुढे चार, सहा, आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत जबडा जुळतो. दात हे बाहेरून दिसणारे पंचांग आहे. आत हाडेही त्याच सुमारास पक्की होत असतात. सातारा-सांगलीकडे आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पाडतात, ते यासाठी उपयोगी आहे. आमच्याकडे ही दोन पोरे थोरल्या जोड्यांबरोबर धावली, आणि विलक्षण धावली. रेघेवरून सुटताना तर त्यांच्यासारखी सर्व दिवसात एकही सुटली नाही. पण मालक त्यांना त्याच हंगामात आणखी चार पटांस नेणार असे ऐकले. नातवाच्या वयाच्या मुलास कोणी रोज आखाड्यात उतरवीत नाही. ही जोडी सहादाती होईपर्यंत वर्षातून एकदोनदाच धावली, तर तिच्याविषयी पुन्हा लिहिण्याचा योग येईल. एरवी तिचे नाव आम्ही येथे घेतले होते एवढेच उरेल.

तिसरी जोडी राखी रंगाची, चौदाती. अंगाने हलकी, तोंड लांब आणि निमुळते; वर्धा जिल्ह्यातील आर्वीकडच्या गवळाऊ रक्ताची खूण त्यात स्पष्ट होती. गवळाऊ बैल दुडक्या चालीत मराठ्यांच्या फौजेबरोबर सामान नेत, असे सांगतात. ही जोडी त्या दिवशी इनामाच्या बाहेर राहिली. कारण सुटतानाच डाव्या बैलाने ध्वनिक्षेपकाच्या आवाजाकडे मान वळविली आणि पहिल्या चार-पाच झेपा वाया गेल्या. घड्याळास मानेचे काय! त्याने तेही मोजले. पण त्यानंतर जे झाले ते पाहणारे मैदानात थोडे होते, कारण लोक पुढल्या जोडीकडे वळले होते. वाटेच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, जेथे त्या दिवशीची प्रत्येक जोडी थोडीबहुत मंदावली, तेथे ही वाढली. दोन्ही माना एका रेषेत, कान मागे, जू स्थिर. छकडा उसळला नाही. धुरकरी मालकाचा धाकटा भाऊ. त्याने आरंभी एकदा हाकारले, पुढे तोंडही उघडले नाही. आम्ही मुद्दाम चालत पलीकडे गेलो आणि श्वास पाहिला. नातू मोबाइलवर वेळ मोजीत होता. खिल्लार जोडी जितक्या वेळात शांत झाली त्याच्या निम्म्याही आत हे दोघे रवंथ करू लागले. दुसऱ्या धावेस त्यांना रेघेवर आणले तेव्हा त्यांनी अंग चोरले नाही, उलट डावा आपण होऊन पुढे सरकला. आमच्या हिशेबी हीच एक खूण बाकी सर्व खुणांहून वरची आहे. पहिली धाव भीतीनेही होते; दुसऱ्या धावेस आपण होऊन पुढे पडलेले पाऊल फसवीत नाही.

जोडीचा मालक आमचा जुना विद्यार्थी निघाला. सातवीत भूगोलात कच्चा होता, एवढे आम्हास स्मरत होते. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. या दोन हंगामांत कपाशीने काय दिले ते वाचकांस सांगावयास नको. दुपारीच एका बाहेरच्या व्यापाऱ्याने जोडीस लाखांच्या भाषेत मागणी घातली होती, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते. तो आम्हास बाभळीच्या सावलीत घेऊन गेला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमीच सांगा, देऊन टाकू का जोडी? मले त काही सुचत नाही. घरी बापूसाहेब म्हन्तात, इक. हा लहाना म्हन्ते, इकली त मी जेवनार नाही."

यादी करणे सोपे असते. यादीतील नावाखाली एका कुटुंबाचे देणे लिहिलेले असले म्हणजे लेखणी थबकते. आम्ही त्यास विचारले, "देणे किती, आणि कोणाचे?" बँकेचे होते, सावकाराचे नव्हते, बहिणीच्या लग्नाचे काढलेले होते आणि हप्ते तुंबले होते. व्यापारी जोडी कोठे नेणार, हे विचारले. तो म्हणाला, ती दोघे दोन ठिकाणी जाणार; डाव्याचा गिऱ्हाईक निराळा, उजव्याचा निराळा.

तेव्हा आम्ही सांगितले ते असे. "बाबा, जोडी फोडणाऱ्याला देऊ नकोस. तांबड्याची गत आताच पाहिलीस ना? या दोघांची किंमत दोघे एकत्र आहेत म्हणून आहे. फोडले की दोन साधे बैल. विकणे पाप नाही, तुझ्या वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही. पण या वर्षी यांना पुढच्या एकदोन पटांस ने, आणि डाव्याला आतापासून ध्वनिक्षेपकाची सवय लाव. गोठ्यात रेडिओ लाव, लग्नाच्या मांडवाजवळून फिरव. सुटताना मान सरळ राहिली तर ही जोडी इनामात येईल, आणि मग मागणारा व्यापारी नसेल, पटवाला शेतकरी असेल. तो दोघांना एकत्र नेईल आणि धुरकऱ्यासही बोलावील. बँकेत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून माग. आणि काही झाले तरी यांना आर लावू नकोस. लावलीस, तर आज जे पाहिले ते पुन्हा दिसावयाचे नाही."

धाकटा भाऊ बाजूस उभा राहून ऐकत होता. त्याने हात पुढे करून तळवे आम्हास दाखविले. कासरा ओढून पडलेले घट्टे होते, दुसरे काही नव्हते. "गुरुजी," तो म्हणाला, "याहीले फक्त हाक कळते."

व्यापाऱ्यास त्या संध्याकाळी नकार मिळाला, असे दुसऱ्या दिवशी कळले. घरात यावरून बोलाचाली झाली, हेही कळले; वडील दोन दिवस अबोल होते. बँकेचे उत्तर हा मजकूर लिहीपर्यंत आलेले नाही. पुढचा पट महाशिवरात्रीनंतरच्या आठवड्यात आहे, आणि मालकाने गोठ्यात रेडिओ टांगला आहे. सकाळची कृषिवार्ता सुरू झाली की डावा बैल पहिल्या दिवशी दावे तोडू पाहत होता. आता, नातवाने विचारून आणलेल्या बातमीप्रमाणे, तो बाजारभाव ऐकत कडबा खातो.